तुमच्या वेबसाइटवर वाट सांगणारं माणूस उभं करताना

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, सॅटिसच्या पुलावर, सकाळच्या गर्दीत कुणीतरी काका पिशवी सावरत थांबतात आणि शेजारच्याला विचारतात, "वागळे इस्टेटला बस कुठून मिळेल?" तो माणूस घाईत असतो, तरी थबकतो, हात करून म्हणतो, "ती पुढची रांग दिसते ना, तिथं उभे राहा," आणि जिना उतरून निघून जातो. त्यानं आधी स्वतःची ओळख करून दिली नाही. काकांचा मोबाइल नंबर मागितला नाही. त्यांच्या मागोमाग रांगेपर्यंत बोलत गेला नाही. काकांना बस मिळाली.

व्यवसायाच्या वेबसाइटवर कोपऱ्यात जी हलती-बोलती आकृती दिसते, तिचं काम एवढंच आहे. कुणी तिला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतं, कुणी ॲनिमेटेड बॉट. मी वागळे इस्टेटमध्ये बसून छोट्या व्यवसायांसाठी अशा आकृत्या बनवते. "आमच्या साइटवर पण एक बाहुली बसवून द्या" म्हणून फोन येतो, तेव्हा मी जे सगळ्यांना सांगते ते इथं क्रमानं लिहिते आहे. तुम्ही दुकानदार असा, क्लास चालवत असा, किंवा नुकतंच वेब डिझाइन शिकून हे काम पहिल्यांदा अंगावर घेतलं असेल, सुरुवात सगळ्यांची सारखीच आहे.

आधी ठरवा, कुठल्या जातीचा

बाहेरून सगळे सारखे दिसतात, आतून तीन प्रकार आहेत. पहिला ठरलेली वाक्यं बोलतो आणि बटणं दाखवतो. बटण दाबलं की योग्य पानावर नेतो. दुसऱ्यात माणूस टाइप करतो आणि बॉट आधी लिहून ठेवलेल्या उत्तरांतून जुळणारं शोधतो. तिसरा एआयवर चालतो, म्हणजे उत्तराची वाक्यं तो त्या क्षणी तयार करतो. आयआरसीटीसीच्या साइटवर २०१८ मध्ये आलेली 'आस्क दिशा' नावाची मदतनीस तुम्ही पाहिली असेल. एवढ्या प्रचंड गर्दीच्या साइटला टाइप केलेले, बोललेले, नाना तऱ्हेचे प्रश्न समजून घ्यावेच लागतात.

नौपाड्यातल्या पॅथॉलॉजी लॅबला किंवा खारघरच्या क्लासला ते लागत नाही. पहिल्यांदा करताय तर पहिल्या प्रकारानंच सुरुवात करा. त्याचं प्रत्येक वाक्य तुम्ही लिहिलेलं असतं, म्हणून तो चुकीचं काही बोलून बसत नाही.

आणि काही वेळा काहीच बसवू नये. रबाळे एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी मला विचारलं होतं. त्यांच्या साइटवर येणारा माणूस म्हणजे परचेस डिपार्टमेंटचा. त्याला मटेरियल कुठलं, टेस्ट सर्टिफिकेट मिळेल का आणि ड्रॉइंग पाठवलं तर कोटेशन किती दिवसांत, एवढंच हवं असतं. त्याच्यासमोर डोळे मिचकावणारी आकृती कशाला? आम्ही वर मोठा सर्च बॉक्स दिला, ड्रॉइंग अपलोड करायची सोय दिली आणि थांबलो.

फोनजवळ बसा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात.

लॅबचं काम आलं तेव्हा मालकांनी यादी तयार ठेवली होती: आमचा इतिहास, आमची मशीन, आमची प्रमाणपत्रं. मी म्हटलं, आधी तीन सकाळी तुमच्या रिसेप्शनवर बसू द्या. दोनशे पानी वही घेतली आणि काउंटरवरच्या ताईंच्या शेजारी स्टूल टाकून बसले. पहिल्या दिवशी अकराच्या आतच वहीची तीन पानं भरली. मशीनबद्दल एकानंही विचारलं नाही.

लोक विचारत होते: "उपाशी यायचं म्हणजे पाणीपण नाही का?" "रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो का?" "रविवारी चालू असता का?" "आईला चालवत नाही, घरी येऊन रक्त घ्याल का?" या शेवटच्या प्रश्नावर ताई लगेच उलट विचारायच्या, "राहता कुठं?" समोरून "कोपरीला" आलं की म्हणायच्या, "पूर्वेला ना? मग आदल्या दिवशीच नाव लावून ठेवा." उत्तर घरावर अवलंबून आहे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या बॉटमध्ये पुढं 'पूर्व', 'पश्चिम' आणि 'घोडबंदर रोड' अशी तीन बटणं आली, ती या एका प्रतिप्रश्नातून.

साइटवर त्याच वेळी लिहिलेलं होतं: "रुग्णांनी सदर चाचणीपूर्वी ८ ते १२ तास अन्नग्रहण टाळावे." ताई फोनवर सांगत होत्या: "पाणी चालेल. चहा-नाश्ता नको." मी ताईंचं वाक्य जसंच्या तसं उचललं आणि लॅबच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे, पण कुठल्या तपासणीला उपाशी यायचं आणि किती तास, तेही घाला. तसं घातलं. तब्येत, पैसे, कायदा यांतलं कुठलंही उत्तर त्या विषयाच्या जाणत्या माणसानं डोळ्यांखालून घातल्याशिवाय बॉटच्या तोंडी देऊ नका.

तुमच्याकडे फोन कमी येत असतील तर व्हॉट्सॲपवरचे महिन्याभराचे मेसेज काढा, काउंटरवरच्या मुलाला विचारा, गूगलवरचे अभिप्राय वाचा. प्रश्न लिहिताना लोकांचेच शब्द ठेवा. ते 'शुल्क' म्हणत नाहीत, 'फी' किंवा 'चार्ज' म्हणतात.

पाच प्रश्न निवडा, सहावा नको

वहीतून वारंवार आलेले पाच प्रश्न निवडा. प्रत्येकापुढं लिहा: याला साइटवरच्या कुठल्या पानावर न्यायचं? असं पानच नसेल तर आधी ते पान बनवा. हात करून दाखवणारा उभा आहे आणि त्या दिशेला बसस्टॉपच नाही, असं व्हायला नको. बॉट बसवायला घेतल्यावर साइटमधल्याच उणिवा सापडतात, आणि माझ्या मते त्याचा खरा फायदा तिथूनच सुरू होतो.

संवाद लिहिणं

कागदावर लिहा, मग मोठ्यानं वाचा. जे वाक्य काउंटरवरच्या ताई तोंडानं म्हणणार नाहीत ते काढून टाका. "कृपया खालीलपैकी योग्य तो पर्याय निवडावा" यापेक्षा "काय हवंय? यातलं एक निवडा" बरं. "आपली विनंती यशस्वीरीत्या नोंदवण्यात आली आहे" हे तर कुणीच बोलत नाही, "नाव लागलं. उद्या सकाळी सातला माणूस येईल" हे कळतं.

मराठीत आणखी काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. आकृती बाई असेल तर 'सांगते', पुरुष असेल तर 'सांगतो'. अर्ध्या वाक्यांत एक आणि अर्ध्यांत दुसरं असं झालं की सगळं खोटं वाटायला लागतं. समोरच्याला 'तुम्ही'च म्हणा. कॉलेजच्या मुलांसाठी असलेल्या साइटवरही बॉटनं 'तू' म्हटलेलं मला रुचत नाही, कारण फॉर्म बरेचदा आईवडील भरतात.

आकृतीचं बोलणं ज्या चौकटीत दिसतं तिला आम्ही फुगा म्हणतो. भाषेचं बटण पहिल्याच फुग्यात द्या: मराठी, हिंदी, इंग्रजी. ठाणे आणि नवी मुंबईत एकाच मजल्यावर या तिन्ही भाषांत विचारणारी कुटुंबं राहतात. हिंदी मजकूर मराठीवरून शब्दाला शब्द ठेवून करू नका, हिंदी बोलणाऱ्याकडून नव्यानं लिहून घ्या. टाइप करायची सोय ठेवणार असाल तर लक्षात ठेवा, 'रिपोर्ट कधी मिळेल' हे बरेच जण मराठीतच पण रोमन अक्षरांत लिहितात, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. हेही पहिल्यांदा बटणांवरच भागवण्याचं एक कारण.

फुग्यात दोन ओळी. तिसरी ओळ आली की फोनवर मागचं पान झाकलं जातं.

आता आकृती काढा

इथं एक जुनी गोष्ट माहीत असलेली बरी. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस ९७ मध्ये 'क्लिपी' नावाची डोळे असलेली पेपर क्लिप आणली. तुम्ही पत्र लिहायला घेतलं की ती आपणहून उगवायची आणि पत्र लिहिताय का, मदत करू का, असं विचारायची. पहिल्यांदा ठीक, पन्नासाव्यांदाही ती तेच विचारायची. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये ती आपोआप चालू होणं बंद झालं आणि ऑफिस २००७ मधून ती गेलीच. तिचं चित्र वाईट नव्हतं. न बोलावता येणं आणि आधी हो की नाही म्हटलं होतं ते न लक्षात ठेवणं, हे लोकांना नकोसं झालं.

म्हणून दोन नियम. आकृती कोपऱ्यात शांत उभी राहील, बोलावल्यावरच बोलेल. आणि एकदा बंद केली की त्या भेटीत पुन्हा उघडणार नाही.

चित्र साधं ठेवा. खऱ्या माणसासारखा हुबेहूब चेहरा करायला जाऊ नका, डोळे किंवा ओठ जरासे चुकले तरी बघणाऱ्याला अस्वस्थ वाटतं. सुरुवातीला चार अवस्था पुरतात: उभी आहे, हात करून दाखवते आहे, थांबा म्हणते आहे, निरोप देते आहे.

हाताबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथं चूक हमखास होते. कॉम्प्युटरवर तुमचा मेनू डावीकडं असतो, म्हणून आकृतीचा हात डावीकडं. तीच साइट फोनवर उघडली की मेनू वरच्या तीन आडव्या रेघांमध्ये जातो आणि 'नाव लावा'चं बटण खाली सरकतं. आकृती मात्र अजून डावीकडं, मोकळ्या जागेकडं बोट दाखवत उभी! हात दाखवण्याची अवस्था फोनसाठी वेगळी काढा: वर आणि खाली. आणखी एक: बहुतेक साइटवर उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हॉट्सॲपचं हिरवं बटण आधीपासून असतं. आकृती त्याच्यावर बसली की दोन्ही दाबता येत नाहीत. दोघांना एकाच फुग्यात घ्या किंवा एकाला डावीकडं हलवा.

कुठल्या फाइलमध्ये

पूर्वी हे सगळं ॲडोबीच्या फ्लॅश या तंत्रात व्हायचं. ॲडोबीनं २०२० च्या शेवटी फ्लॅश प्लेअर बंद केला, त्यामुळं जुन्या धड्यांमध्ये त्याचं नाव दिसलं तर पुढं जा. जीआयएफ सोपी वाटते, पण तिच्या एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, कडा खरबरीत दिसतात आणि फाइल जड होते.

सपाट रंगांच्या आकृतीसाठी लॉटी हा फाइलचा प्रकार घ्या. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं ॲनिमेशन बॉडीमूव्हिन नावाच्या प्लगइननं एका मजकुराच्या फाइलमध्ये उतरवतात. एअरबीएनबी या कंपनीनं २०१७ मध्ये लॉटी सगळ्यांना वापरायला खुली केली तेव्हापासून हा मार्ग रुळला आहे. त्या फाइलमध्ये चित्रांऐवजी रेषा कुठून कुठं जाते याच्या सूचना असतात, म्हणून आकृती कितीही मोठी केली तरी फाटत नाही आणि वजन कमी राहतं. बोट नेल्यावर आकृतीनं वळून बघावं, बटण दाबल्यावर अवस्था बदलावी, असं काही करायचं असेल तर राइव्ह नावाचं साधन बघा. अवस्था आणि त्यांच्यामधल्या वाटा त्यात चित्रासारख्या मांडता येतात. मी आकृतीची फाइल दीडशे केबीच्या वर जाऊ देत नाही.

आधी पान दिसू द्या, आकृती मागून येऊ द्या. गूगलच्या मोजमापात पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं धरलं आहे. आकृतीसाठी जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर ती आल्यावर मजकूर खाली ढकलला जातो आणि माणूस भलतंच बटण दाबतो.

आवाज

आवाज आपोआप सुरू करू नका. संध्याकाळी सहाच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये कुणी गुपचूप रक्ततपासणीचे दर बघत असताना फोन ओरडायला लागला तर तो माणूस पान बंद करणार, आणि त्याचं बरोबरच आहे. क्रोमनं तर एप्रिल २०१८ पासून, माणसानं पानाला हात लावल्याशिवाय आवाज सहसा सुरू होऊ द्यायचा नाही, असं धोरण ठेवलं आहे. स्पीकरचं छोटं बटण द्या आणि जे बोललं जातं ते सगळं फुग्यात लिहिलेलंही ठेवा.

फोनमधला यांत्रिक मराठी आवाज प्रत्येक फोनवर वेगळा निघतो, काहींवर मराठी आवाजच नसतो. पाच-सहा उत्तरंच आहेत, तर खऱ्या माणसाकडून रेकॉर्ड करून घ्या. लॅबच्या ताईंचाच आवाज आम्ही त्यांना विचारून, मोबदला देऊन घेतला. कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडं तोंड करून बोलायला सांगा, आवाज घुमत नाही.

ओठ हलवायचे असतील तर मराठी कानाला एक गोष्ट फार लवकर कळते: प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. 'नमस्कार' हा शब्दच घ्या. 'न'ला ओठ उघडे, 'म'ला मिटलेले, मग 'स्का'ला पूर्ण उघडे. 'म'च्या क्षणी ओठ मिटले नाहीत तर काय चुकलं ते सांगता येत नाही, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा आहे असं वाटतं. मिटलेले ओठ, 'आ'चं उघडं तोंड, 'ई'ची रुंदी, 'ऊ' आणि 'ओ'चा गोल, 'व'ला खालचा ओठ दातांशी, आणि एक मधला आकार. एवढ्या सहा चित्रांत बरंचसं काम निघतं. मिटलेल्या ओठांची जागा आधी बसवा, बाकीची मागून भरा.

विश्वासाच्या गोष्टी

पहिल्याच वाक्यात सांगा की हा संगणक आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा साधा गप्पा मारणारा प्रोग्रॅम केला, तेव्हा नुसत्या टाइप केलेल्या ओळी वाचूनही लोक त्याच्याशी मनातलं बोलायला लागले होते. तुमच्या आकृतीला तर चेहरा आहे. तिच्याशी माणूस आजाराबद्दल बोलेल, फी भरायची अडचण सांगेल. आपण कुणाशी बोलतोय हे त्याला माहीत असायलाच हवं.

नाव आणि नंबर खरंच लागेल तेव्हाच मागा, आणि कशासाठी ते तिथंच लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता येण्याची सोय सांगितली आहे, म्हणजे मराठीतही. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती हवी, हे क्लासवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावं. खारघरच्या क्लासच्या बॉटला आम्ही मुलाचं नाव विचारूच दिलं नाही. इयत्ता विचारतो आणि पालकांना फोन करायला सांगतो.

बॉट काय बोलला याची जबाबदारी तुमची. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला नातेवाइकाच्या मृत्यूमुळं मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. चॅटबॉट त्याच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीनं केला. २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणानं तो मान्य केला नाही आणि भरपाई द्यायला लावली. म्हणून दर बदलला की बॉटमध्येही त्याच दिवशी बदला. हे काम कोण करणार, त्याचं नाव कागदावर लिहून ठेवा.

आणि हलणारं चित्र सगळ्यांना सोसत नाही. काहींना चक्कर येते, काहींचं वाचन तुटतं. साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठी असलेल्या वेबच्या सुगम्यता नियमांप्रमाणं आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे. ज्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये हालचाल कमी ठेवली आहे त्यांना स्थिर चित्र दाखवा. ब्राउझर ही पसंती साइटला कळवतो, वापरायची तेवढी बाकी असते. बंद करायची फुली अंगठ्याला सहज लागेल एवढी मोठी हवी.

माणसाकडं जायची वाट

प्रत्येक फुग्याखाली एक बटण कायम ठेवा: 'माणसाशी बोलायचंय'. ते लपवू नका, तिसऱ्या प्रश्नानंतर देऊ नका. दाबलं की फोन लागावा किंवा व्हॉट्सॲप उघडावं. दुकान बंद असताना "आत्ता कुणी नाही. सकाळी आठला फोन करू का?" असं विचारा, आणि हो म्हटलं तर आठला फोन खरोखर करा.

लावण्याआधी

फोन अशा कुणाच्या तरी हातात द्या ज्यांनी ही साइट कधी पाहिलेली नाही. माझी पहिली परीक्षा आमच्या इमारतीतल्या एका आजींकडं असते. त्यांना एवढंच सांगते, "रविवारी लॅब उघडी आहे का बघा," आणि गप्प बसते. गप्प बसणं अवघड जातं. त्यांचं बोट कुठं थांबतं ते वहीत लिहायचं. एकदा त्यांनी आकृतीच्या हातावरच दोनदा टिचकी मारली, कारण बोट दाखवलं म्हणजे ते दाबायचं असतं, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून माझ्या सगळ्या आकृत्यांचा हात दाबला तरी त्याच पानावर जातो.

नंतर लोकलमध्ये बसून, सिग्नल येत-जात असताना एकदा बघा. आकृती आली नाही तरी पाचही बटणं दिसली पाहिजेत.

लावल्यानंतर

पहिला महिनाभर दर शुक्रवारी दोन आकडे बघा: कुठलं बटण किती वेळा दाबलं गेलं आणि किती जणांनी माणसाशी बोलायचं बटण घेतलं. मग त्या दुसऱ्या गटातल्यांनी फोनवर काय विचारलं ते काउंटरवरून लिहून आणा. लॅबच्या ताईंनी दुसऱ्याच शुक्रवारी वही पुढं केली. तिच्यात एकच प्रश्न सात वेळा होता, जो आमच्या पाचांत नव्हता: "गाडी कुठं लावायची?" आम्ही सगळ्यात कमी दाबलं गेलेलं बटण काढलं आणि त्या जागी ताईंचं उत्तर त्यांच्याच आवाजात टाकलं: "गावदेवी मैदानाखाली पार्किंग आहे. तिथून चालत या, पाच मिनिटं."